गृहनिर्मित विमानांतील रोटरी ड्रोन इंजिन

मानवरहित विमानासाठी, म्हणजेच ड्रोनसाठी, तयार केलेले वांकेल पद्धतीचे रोटरी इंजिन हौशी बांधणीकाराने स्वतः बांधलेल्या, माणूस वाहून नेणाऱ्या लहान विमानात बसवणे हा वैमानिकी अभियांत्रिकीतील एक प्रायोगिक प्रकार आहे. आकार लहान, वजन कमी, कंपने अल्प आणि त्या मानाने शक्ती मोठी, या गुणांमुळे अशी इंजिने हौशी विमानबांधणीकारांचे लक्ष वेधून घेतात. मात्र ड्रोनच्या इंजिनाची रचना वेगळ्या गरजा समोर ठेवून केलेली असते. ते बंद पडल्यास ड्रोन गमवावा लागतो. गृहनिर्मित विमानात त्याच बिघाडाने वैमानिकाचा जीव धोक्यात येतो. त्यामुळे या विषयाच्या चर्चेत शक्ती व वजन यांच्याइतकेच विश्वासार्हता, थंडावा, प्रॉपेलरची जुळणी आणि कायद्यातील तरतुदी यांना महत्त्व आहे.

संज्ञा

‘रोटरी इंजिन’ ही संज्ञा विमानविद्येत दोन भिन्न अर्थांनी वापरली जाते. पहिल्या महायुद्धकाळातील नोम, ल रोन यांसारख्या इंजिनांनाही रोटरी म्हणत. त्यांत भुजदंड स्थिर असे आणि सर्व सिलिंडर प्रॉपेलरसह त्याच्याभोवती फिरत. प्रस्तुत लेखातील रोटरी इंजिन हे जर्मन अभियंते फेलिक्स वांकेल (१९०२–१९८८) यांच्या कल्पनेवर आधारलेले आहे. त्यात मागेपुढे सरकणारा दट्ट्या नसतो; त्याऐवजी त्रिकोणी घूर्णक असतो. नावातील साम्य सोडल्यास या दोन प्रकारांत तांत्रिक नाते नाही.

‘गृहनिर्मित विमान’ म्हणजे कारखान्यात न बनता व्यक्तीने किंवा छोट्या गटाने शिक्षण अथवा छंद म्हणून आराखड्यावरून किंवा सुट्या भागांच्या संचावरून बांधलेले विमान.

रचना व कार्य

वांकेल इंजिनाच्या कवचाची आतील पोकळी मध्ये किंचित आवळलेल्या लंबवर्तुळासारखी असते. या वक्राला अधिचक्रज म्हणतात. पोकळीत बाहेरून फुगीर बाजू असलेला त्रिकोणी घूर्णक उत्केंद्री दंडावर फिरतो. घूर्णकातील अंतर्दंती चक्र आणि कवचाला जोडलेले स्थिर दंतचक्र यांच्या दात्यांचे प्रमाण ३ : २ असते. त्यामुळे घूर्णकाची एक फेरी पूर्ण होईपर्यंत उत्केंद्री दंडाच्या तीन फेऱ्या होतात. घूर्णकाची तिन्ही टोके सतत कवचाला लागून राहतात आणि त्यांच्यामध्ये तीन कोठ्या तयार होतात. प्रत्येक कोठीत शोषण, संपीडन, ज्वलन व निष्कास या चार क्रिया क्रमाने घडतात. दंडाच्या प्रत्येक फेरीला एका घूर्णकाकडून शक्तीचा एक ठोका मिळतो. चार-स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरकडून असा ठोका दोन फेऱ्यांतून एकदाच मिळतो.

झडपा नसल्याने सुट्या भागांची संख्या कमी राहते. सर्व मुख्य भाग फिरते असल्याने प्रतिभार लावून त्यांचा जवळजवळ पूर्ण समतोल साधता येतो. कोठ्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवण्याचे काम घूर्णकाच्या टोकांवरील, बाजूंवरील व कोपऱ्यांवरील सील करतात. इंजिनाचे आयुष्य बऱ्याच अंशी टोकांवरील सील-पट्ट्यांवर अवलंबून असते.

इतिहास

लक्ष्य-ड्रोनची इंजिने आणि जायरोकॉप्टर

ड्रोनचे इंजिन गृहनिर्मित विमानात बसवण्याची प्रथा वांकेल इंजिनाच्या प्रसाराआधीची आहे. अमेरिकेत तोफखान्याच्या सरावासाठी वापरल्या जाणाऱ्या लक्ष्य-ड्रोनमध्ये मॅककलॉक कंपनीचे चार सिलिंडरचे, दोन-स्ट्रोक, हवेने थंड होणारे ४३१८ हे इंजिन असे. ते सुमारे ७२ अश्वशक्ती देई आणि त्याचे वजन ३५ किलोग्रॅमच्या आसपास होते. इगोर बेन्सेन यांनी १९५७ मध्ये पुढे आणलेल्या बी-८एम या जायरोकॉप्टरमध्ये हेच इंजिन बसवले जाई. लष्करी साठ्यातून ते स्वस्तात मिळत असल्याने पुढील दोन दशके अनेक हौशी बांधणीकारांनी ते वापरले. जायरोकॉप्टरचा वरचा पंखा इंजिन बंद पडल्यावरही हवेच्या झोतावर फिरत राहतो आणि यान उतरवता येते. ड्रोनच्या अल्पायुषी इंजिनावर उडण्याचा धोका त्यामुळे काही प्रमाणात कमी होई. स्थिर पंखांच्या वेगवान छोट्या विमानाला अशी सवलत मिळत नाही.

वांकेल इंजिनाचा विमानांत प्रवेश

वांकेल यांना १९२९ मध्ये पहिले पेटंट मिळाले. एनएसयू या जर्मन कंपनीत १९५७ मध्ये पहिले प्रायोगिक इंजिन चालू झाले. हान्स डीटर पाश्के यांनी त्याची रचना सुटसुटीत केली आणि आज प्रचलित असलेले रूप त्यातूनच आले. अमेरिकेच्या कर्टिस-राइट कंपनीने १९५८ मध्ये परवाना घेतला. तिचे १८५ अश्वशक्तीचे आरसी२-६० हे इंजिन १९६० च्या दशकाच्या अखेरीस लॉकहीडच्या क्यू-स्टार या प्रायोगिक विमानात बसवण्यात आले. आवाज न करता टेहळणी करण्याच्या संशोधनासाठी, ग्लायडरच्या सांगाड्यावर हे विमान उभारलेले होते. जर्मनीत १९७७ मध्ये उडालेल्या फॅनट्रेनर या प्रशिक्षण विमानाच्या पहिल्या नमुन्यात दोन वांकेल इंजिने होती. पुढील उत्पादनात मात्र टर्बाइन इंजिन घेण्यात आले.

मोटारसायकल, ड्रोन आणि ग्लायडर

आजच्या अनेक ड्रोन-रोटरी इंजिनांचा वंश मोटारसायकलपर्यंत जातो. जर्मनीतील फिख्टेल उंट झाक्स कंपनी लहान वांकेल इंजिने बनवीत असे. त्यांच्या आधारे ब्रिटनमध्ये बीएसए समूहात डेव्हिड गारसाइड यांनी मोटारसायकलसाठी संशोधन सुरू केले. त्याची परिणती नॉर्टन कंपनीच्या दोन घूर्णकांच्या, ५८८ घनसेंटिमीटर क्षमतेच्या इंजिनात झाली. १९८७ मध्ये विक्रीस आलेल्या नॉर्टन क्लासिक या मोटारसायकलमध्ये ते होते. या कामातून दोन शाखा निघाल्या. स्टॅफर्डशरमधील शेनस्टोन येथील यूएव्ही इंजिन्स या कंपनीने ड्रोनची इंजिने बनवली. ग्लॉस्टरशरमधील स्टॅव्हर्टन येथील मिड-वेस्ट इंजिन्सने माणूस वाहून नेणाऱ्या विमानांकडे लक्ष दिले.

पहिल्या शाखेतील २०८ घनसेंटिमीटरचे एआर७४१ हे ३८ अश्वशक्तीचे इंजिन आरक्यू-७ शॅडो या अमेरिकी टेहळणी ड्रोनमध्ये वापरले गेले. दुसऱ्या शाखेतील सुमारे १०० अश्वशक्तीचे दोन घूर्णकी इंजिन एआरव्ही सुपर२ या हलक्या विमानात बसवण्यात आले. एक घूर्णकी, २९४ घनसेंटिमीटरचे सुमारे ५० अश्वशक्तीचे इंजिन श्लायखर कंपनीच्या एएसएच २६ ई या स्वयंउड्डाणक्षम ग्लायडरमध्ये यशस्वी ठरले. मिड-वेस्टचे काम पुढे ऑस्ट्रियातील डायमंड समूहाकडे गेले आणि तेथील ऑस्ट्रो इंजिन कंपनी एई५०आर या नावाने हे इंजिन बनवू लागली. ड्रोनचे इंजिन आणि माणसाच्या विमानाचे इंजिन एकाच मुळापासून कसे निघतात, आणि प्रमाणित होईपर्यंत एकमेकांपासून किती दूर जातात, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

आकर्षणाची कारणे

एआर७४१ वर्गातील इंजिनाच्या मूळ गाभ्याचे वजन ११ किलोग्रॅमच्या आसपास असते. जवळपास तेवढ्याच शक्तीच्या, अतिहलक्या विमानांत रूढ असलेल्या दोन-स्ट्रोक इंजिनाचे वजन २५ ते ३० किलोग्रॅम भरते. अमेरिकेतील अतिहलक्या विमानांच्या नियमांनुसार एकआसनी विमानाचे रिकामे वजन २५४ पौंड, म्हणजे सुमारे ११५ किलोग्रॅमपेक्षा कमी असावे लागते. अशा विमानात दहा-पंधरा किलोग्रॅमची बचत मोलाची ठरते. इंजिनाचा छेद लहान असल्याने विमानाचे नाक निमुळते ठेवता येते आणि हवेचा रोध घटतो. कंपने कमी असल्याने हलक्या सांगाड्यावरील ताण आणि वैमानिकाचा थकवा हे दोन्ही कमी होतात.

तांत्रिक अडचणी

फेऱ्यांचा वेग आणि प्रॉपेलर

ड्रोनची रोटरी इंजिने पूर्ण शक्ती मिनिटाला साधारण ७,००० ते ८,००० फेऱ्यांवर देतात आणि बऱ्याच ड्रोनमध्ये प्रॉपेलर थेट दंडावर बसवलेला असतो. प्रॉपेलरच्या टोकाचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ गेला की कार्यक्षमता घसरते व आवाज वाढतो. टोकाचा वेग सेकंदाला २७० मीटरच्या आत ठेवायचा असेल, तर मिनिटाला ७,५०० फेऱ्यांवर प्रॉपेलरचा व्यास सुमारे ६९ सेंटिमीटरपेक्षा मोठा ठेवता येत नाही.

झेपक यंत्राने फेकल्या जाणाऱ्या ड्रोनला एवढा प्रॉपेलर पुरतो, कारण सुरुवातीचा वेग त्याला बाहेरून मिळतो. धावपट्टीवर स्वतःच्या बळावर वेग घेणाऱ्या, मंद गतीच्या विमानाची गोष्ट वेगळी आहे. २८ किलोवॅट शक्तीसाठी ६९ सेंटिमीटरच्या आदर्श प्रॉपेलरचा स्थिर रेटा सुमारे ९०० न्यूटन येतो. तीच शक्ती दुप्पट व्यासाच्या प्रॉपेलरला दिल्यास तो सुमारे १,४०० न्यूटन होतो, म्हणजे जवळजवळ १.६ पट. प्रत्यक्षातील रेटा दोन्ही ठिकाणी कमी असतो, पण हे प्रमाण साधारण कायम राहते. म्हणून गृहनिर्मित विमानात दातेरी पट्टा किंवा दंतचक्रे वापरून फेरे कमी करणारी यंत्रणा घालणे बहुधा अपरिहार्य ठरते.

या यंत्रणेमुळे वजन वाढते आणि मरोड-कंपनांचा प्रश्न उभा राहतो. थेट जोडणीत प्रॉपेलरचे जडत्वच गतिपालक चक्राचे काम करते. मध्ये पट्टा किंवा दंतचक्र आले की इंजिन, जोडणी व प्रॉपेलर मिळून एक स्थितिस्थापक प्रणाली तयार होते. तिची नैसर्गिक वारंवारता इंजिनाच्या ठोक्यांशी जुळल्यास अनुनाद होऊन दंड किंवा दाते तुटू शकतात. कमी फेऱ्यांवर हा धोका विशेष असतो. स्वतंत्र गतिपालक चक्र, रबरी जोड आणि काही फेरे टाळण्याची शिस्त हे त्यावरचे उपाय आहेत.

थंडावा व निष्कास

वांकेल इंजिनाच्या कवचाची एक बाजू सतत ज्वलनाने तापते, तर दुसरी येणाऱ्या ताज्या मिश्रणाने थंड राहते. या विषम तापमानामुळे कवच वाकण्याचा संभव असतो. म्हणून या वर्गातील अनेक इंजिनांत कवच द्रवाने व घूर्णक हवेने थंड केला जातो. ड्रोन सतत ठरावीक वेगाने उडत असल्याने त्याचा रेडिएटर त्या वेगाला जुळवलेला असतो. माणसाच्या विमानात जमिनीवरील संथ चाल, पूर्ण शक्तीवरील मंद चढाई आणि समतल उड्डाण या तिन्ही अवस्था सांभाळाव्या लागतात. उन्हाळ्यातील चढाई ही त्यांत सर्वांत अवघड असते.

निष्कास वायूंचे तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून अधिक जाऊ शकते आणि आवाज तीव्र असतो. साध्या पोलादाची नळी अशा उष्णतेत लवकर चिरते. तडा गेलेल्या नळीतून आग लागण्याचा किंवा कार्बन मोनॉक्साइड वैमानिकाच्या कक्षात शिरण्याचा धोका असतो. मानवरहित विमानात यांपैकी दुसऱ्याचा विचार करावा लागत नाही.

इंधन व वंगण

लांबट कोठीमुळे ज्वलनकक्षाचे पृष्ठफळ घनफळाच्या मानाने जास्त असते. उष्णता भिंतींत अधिक जाते व काही इंधन अपुरे जळते. या वर्गात प्रति किलोवॅट-तास सुमारे ३०० ते ३५० ग्रॅम पेट्रोल लागते. चांगल्या चार-स्ट्रोक विमान-इंजिनापेक्षा हे अधिक असले, तरी कार्ब्युरेटरच्या साध्या दोन-स्ट्रोक इंजिनापेक्षा सहसा कमी असते. २० किलोवॅटवर उडताना तासाला सुमारे ९ लिटर इंधन लागेल. अमेरिकी अतिहलक्या विमानाला परवानगी असलेल्या ५ गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर इंधनात साधारण दोन तासांचे उड्डाण होते. सील व धारवा यांच्यासाठी दिलेले तेल इंधनाबरोबर जळून जाते. तेलाचा पुरवठा थांबला तर इंजिन फार काळ टिकत नाही.

आयुष्य व देखभाल

लहान दट्ट्यांच्या चार-स्ट्रोक विमान-इंजिनांपैकी रोटॅक्स ९१२ हे २,००० तासांपर्यंत पूर्ण दुरुस्तीविना चालवता येते. ड्रोनच्या रोटरी इंजिनाची मुदत बहुधा काही शे तासांची असते, आणि लक्ष्य म्हणून किंवा एकेरी प्रवासासाठी बनलेल्या ड्रोनचे इंजिन त्याहून कितीतरी कमी तास चालावे इतकीच अपेक्षा असते. वर्षाला ३० ते ४० तास उडणाऱ्या हौशी वैमानिकाला काही शे तासही पुष्कळ होतात. परंतु जुन्या साठ्यातून घेतलेल्या इंजिनाचे किती तास झाले आहेत, याची विश्वसनीय नोंद नसेल तर ही आकडेमोड निरर्थक ठरते.

प्रारंभ, प्रज्वलन व नियंत्रण

अनेक ड्रोन जमिनीवरील बाहेरच्या यंत्राने चालू केले जातात. त्यांच्या इंजिनावर स्टार्टर नसतो. असे इंजिन हवेत बंद पडले तर पुन्हा चालू करण्याची सोय राहत नाही. माणसाच्या विमानांत प्रज्वलनाच्या दोन स्वतंत्र प्रणाली ठेवण्याची जुनी प्रथा आहे. ड्रोनमध्ये एकच प्रणाली पुरेशी मानली जाऊ शकते. इंधन-अंतःक्षेपणाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ड्रोनच्या उड्डाण-संगणकाशी बांधलेले असल्यास ते हातातील थ्रॉटलशी जोडणे हे स्वतंत्र काम होऊन बसते. स्टार्टर, बॅटरी, रेडिएटर, पंप, निष्कास व फेरे कमी करणारी यंत्रणा या सर्वांचे वजन मिळवल्यावर ११ किलोग्रॅमच्या गाभ्याचे बसवलेले वजन दुप्पट किंवा अधिक होऊ शकते. त्यामुळे तुलना नेहमी बसवलेल्या वजनांची करावी लागते.

कायदा व उपलब्धता

अमेरिकेत हौशी बांधणीच्या विमानासाठी बांधणीचे निम्म्याहून अधिक काम बांधणीकाराने स्वतः केलेले असावे लागते. इंजिन प्रमाणित असण्याची सक्ती नाही. मात्र प्रमाणित इंजिन व प्रॉपेलरची जोडी असल्यास रूढ पद्धतीनुसार २५ तास, आणि नसल्यास ४० तास, ठरवून दिलेल्या निर्जन क्षेत्रात चाचणी-उड्डाणे करावी लागतात. ड्रोनचे इंजिन दुसऱ्या वर्गात मोडते. या काळात प्रवासी नेता येत नाहीत.

उपलब्धतेचा प्रश्नही मोठा आहे. ड्रोन-इंजिनांचे उत्पादक मुख्यतः संरक्षण क्षेत्राला पुरवठा करतात आणि अशा इंजिनांवर निर्यात-नियंत्रण लागू होऊ शकते. रशिया-युक्रेन युद्धात वापरल्या गेलेल्या इराणी शाहेद-१३१ ड्रोनमध्ये वांकेल इंजिन आढळल्यानंतर या इंजिनांच्या व्यापाराकडे अधिक काटेकोरपणे पाहिले जाऊ लागले. त्याहून मोठ्या शाहेद-१३६ मध्ये मात्र दट्ट्यांचे दोन-स्ट्रोक इंजिन असते.

एकाच दुर्मीळ इंजिनावर विसंबण्याचे परिणाम गृहनिर्मित विमानांच्या इतिहासात दिसून आले आहेत. १९७० च्या दशकात बीडी-५ या छोट्या विमानाचे हजारो संच विकले गेले, पण ठरलेल्या इंजिनाचा पुरवठा बंद पडल्याने असंख्य सांगाडे इंजिनाविना पडून राहिले. ते इंजिन वांकेल पद्धतीचे नव्हते, तरी त्यातील धडा येथेही लागू पडतो.

भारतातील घडामोडी

भारतात ड्रोन-रोटरी इंजिनाचा संबंध संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या निशांत या मानवरहित विमानाशी आहे. वाहनावरील झेपक यंत्राने उडणाऱ्या आणि हवाई छत्रीने उतरणाऱ्या निशांतमध्ये प्रथम आयात केलेले ब्रिटिश रोटरी इंजिन होते. त्याऐवजी ५५ अश्वशक्तीचे देशी वांकेल इंजिन विकसित करण्यात आले. या कामात बंगळूरची राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा आणि महाराष्ट्रातील अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील वाहन संशोधन व विकास आस्थापना यांचा सहभाग होता. देशी इंजिनासह निशांतचे पहिले उड्डाण २९ मार्च २००९ रोजी कर्नाटकातील कोलारजवळ झाले. हे इंजिन मानवरहित विमानासाठीच होते.

महाराष्ट्रातील गृहनिर्मित विमानाचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे अमोल यादव यांनी मुंबईच्या कांदिवली भागात इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान. ते २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात मांडण्यात आले आणि २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी झाली. स्वतः बांधलेल्या विमानासाठी भारतात नोंदणी व परवानगी मिळवण्याचा मार्ग किती लांब आहे, हे या प्रकरणामुळे सर्वसामान्यांच्या लक्षात आले.

पर्याय

रोटरी इंजिनच हवे असलेल्या बांधणीकारांपुढे ड्रोन-इंजिनाखेरीज इतर मार्ग आहेत. सर्वाधिक रुळलेला मार्ग माझदा मोटारींच्या १३बी या दोन घूर्णकी इंजिनाचा आहे. त्याचे सुटे भाग मुबलक मिळतात, परंतु ते १५० अश्वशक्तीच्या वरच्या वर्गातील असल्याने दोन ते चार आसनी विमानांनाच शोभते. एकआसनी विमानासाठी जर्मनीतील ऐक्स्रो कंपनीचे २९४ घनसेंटिमीटरचे, मुळात कार्ट शर्यतींसाठीचे इंजिन काहींनी वापरले आहे. एई५०आर हे प्रमाणित इंजिन ग्लायडरमध्ये सिद्ध झालेले असले तरी महाग आहे. ग्लायडरचे इंजिन उंची गाठल्यावर बंद करून ठेवता येते आणि ते अनपेक्षितपणे बंद पडले तरी ग्लायडर दूरवर तरंगत जाऊ शकते. माणूस वाहून नेणाऱ्या यानांत लहान रोटरी इंजिन प्रथम ग्लायडरमध्येच स्थिरावले, यामागे हेही एक कारण आहे.

हेही पाहा

वांकेल इंजिन
फेलिक्स वांकेल
मानवरहित विमान
अतिहलके विमान
जायरोकॉप्टर
निशांत (मानवरहित विमान)